दह्याची ऊब आणि पावाची ऊब

श्रोतेहो, आपल्या स्वयंपाकघरात ‘कोमट’ हा एक मोठा नवलाचा शब्द आहे. त्याला आकडा नाही, माप नाही. आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या भरवशावर सारा व्यवहार चालत आला आहे. विरजण लावायचे ते कोमट दुधाला, खमीर भिजवायचे ते कोमट पाण्यात. किती कोमट, असे कोणी विचारलेच तर ‘करंगळी बुडवून पाहा, सोसवेल इतके’ असे उत्तर मिळे. ही करंगळी म्हणजे घरातले उष्णतामापकच होते आणि सरावाच्या हाताकडून त्यात चूक क्वचितच होई. अडचण येई ती पुढे. दूध कोमट झाले, विरजण लागले. पण नंतरचे सहा-आठ तास ती ऊब टिकवायची कशी?

या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते. ग्वाल्हेरला पौष-माघात रात्रीचा पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. इंदूरची थंडीही कमी बोचरी नसते. तेथील घरांतून दह्याचे भांडे रजईत गुंडाळण्याची, कणकेच्या डब्यात खुपसण्याची, किंवा पूर्वी चूल होती तेव्हा वैलाच्या कडेला ठेवण्याची रीत होती. इतके करूनही सकाळी झाकण काढावे तो दूध जसेच्या तसे! उलट गोव्यात ओट्यावर उघड्यावर ठेवलेले दही बाराही महिने निमूटपणे लागते. हैदराबादला वैशाखात तर ते लागून, आंबून, पाणी सुटून मोकळे होते. म्हणजे विरजण एकच, दूधही तसेच. फरक पडतो तो भोवतालच्या उबेचा.

ही ऊब आपल्या हाती यावी म्हणून आज बाजारात विजेवर चालणारी अनेक उपकरणे मिळतात. दही लावण्याचे छोटे यंत्र, पावाचे पीठ फुगवण्याची घडीची पेटी, दह्याची स्वतंत्र कळ असलेला विजेचा कुकर, आणि मंद उबेची सोय असलेली भट्टी अथवा ओव्हन, ही त्यांतली मुख्य होत. या साऱ्यांचे काम एकच आहे: ठरावीक उष्णतामान ठरावीक वेळ राखणे. पण ‘ऊब हवी ना? मग पेटीत ठेवा आणि कळ दाबा’ इतक्या सरळ हिशेबाने ही उपकरणे वापरली, तर निराशा पदरी येण्याचा संभव फार. कारण दह्याला मानवणारी ऊब पावाच्या पिठाला मानवत नाही, आणि पिठाला मानवणारी ऊब काही दह्यांना पुरत नाही. असे का होते आणि त्याप्रमाणे उपकरण कसे वापरावे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम दह्याचा विचार करू. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. विरजणातील जिवाणू ती खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल बनवतात. १८५७ मध्ये लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने लॅक्टिक आम्लाचे किण्वन हे सजीवांचे कार्य आहे असे आपल्या निबंधात मांडले. तोवर हा केवळ रासायनिक कुजण्याचा प्रकार आहे, असे मोठमोठे रसायनज्ञ मानीत असत. दुधात केसिन नावाच्या प्रथिनाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांच्यावर एकाच जातीचा विद्युत्‌भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर सारतात आणि म्हणून दूध पातळ राहते. आम्ल वाढू लागले की हा भार ओसरू लागतो. आम्लता मोजण्याच्या मापाला सामू म्हणतात. हा आकडा जितका लहान तितके आम्ल अधिक. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. तो ४.६ च्या आसपास आला म्हणजे केसिनचे कण एकमेकांना धरून त्यांचे जाळे बनते. त्या जाळ्यात पाणी आणि स्निग्धांश अडकून बसतात. यालाच आपण ‘दही लागले’ असे म्हणतो.

हे काम करणारे जिवाणू मात्र एका जातीचे नाहीत. आपल्या घरच्या विरजणात बहुधा त्यांचे मिश्रण असते. त्यांतली एक टोळी मध्यम उबेत रमते; पंचवीस ते तीस अंश सेल्सिअस हे तिचे सुखाचे उष्णतामान. ताक घुसळताना येणारा लोण्याचा सुगंध मुख्यतः याच टोळीच्या कृपेने मिळतो. दुसरी टोळी उष्णताप्रिय आहे. तिला चाळीस ते पंचेचाळीस अंश लागतात. युरोपीय पद्धतीचे ‘योगर्ट’ या दुसऱ्या टोळीचे असते. तिच्यातील एक प्रमुख जिवाणू १९०५ मध्ये स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्यकाने आपल्या देशातील दह्यात पाहिला, आणि म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात बल्गेरियाचे नाव आले. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मेच्निकोव्ह यांनी पुढे या दह्याचा मोठा पुरस्कार केल्यामुळे ते जगभर गाजले.

बाजारातील यंत्रांची दह्याची कळ बहुधा या योगर्टच्या हिशेबाने, म्हणजे चाळीस-बेचाळीस अंशांच्या आसपास बांधलेली असते. तिच्यावर घरचे विरजण लावले तर दही लागत नाही असे नव्हे. लागते, आणि लवकर लागते. पण त्या उबेत उष्णताप्रिय जिवाणू जोमाने वाढतात आणि मध्यम उबेचे मागे पडतात. आज लावलेल्या दह्यातून उद्याचे विरजण घ्यायचे, उद्याच्यातून परवाचे, असा आपला क्रम असतो. त्यामुळे दर खेपेस पहिल्या टोळीचा वाटा घटत जातो. दही घट्ट आणि गुळगुळीत लागते, पण त्याच्या ताकाला पूर्वीचा वास राहत नाही. ‘यंत्राच्या दह्याला घरची चव नाही’ अशी तक्रार कानी येते, तिच्यामागे हे कारण असू शकते. आईच्या किंवा सासूबाईंच्या हातचे विरजण ज्या घरांत वर्षानुवर्षे चालत आले आहे, त्यांना हा मुद्दा लहान वाटणार नाही. दुधाचा लिटर पुन्हा आणता येतो, हरवलेले विरजण आणता येत नाही. अशा घरांनी यंत्राचे उष्णतामान बदलता येत असेल तर ते पस्तीस अंशांच्या आसपास ठेवावे आणि सहा ते आठ तासांचा वेळ द्यावा. विकतचे योगर्ट विरजण म्हणून वापरायचे असेल तर मात्र एकेचाळीस ते त्रेचाळीस अंश आणि चार ते सहा तास हे प्रमाण योग्य.

आता पावाकडे वळू. पावाचे पीठ फुगवणारा जीव निराळा. तो जिवाणू नसून यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी आहे. पिठातील साखरेवर ती जगते आणि कर्बवायू व मद्यार्क निर्माण करते. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते तिंबले म्हणजे त्याला चिकटा येतो. या चिकट्याच्या लवचीक पडद्यांत कर्बवायूचे बुडबुडे अडकतात आणि गोळा फुगतो. गोव्यातील मंडळींना हे नवे सांगावयास नको. तेथील पोदेर, म्हणजे पाव भाजणारा, पूर्वी यीस्टच्या पुडीऐवजी माडाची सूर पिठात घालीत असे. सुरेत यीस्ट असते, आणि तिच्या जोडीला आम्ल करणारे जिवाणूही असतात. म्हणूनच सुरेच्या उंड्याला आणि पोईला एक किंचित आंबूस, खोल अशी चव येई. आज बहुतेक भट्ट्यांतून सुरेची जागा यीस्टने घेतली आहे. पण त्या पावाची आठवण काढणारी जुनी माणसे जी चव सांगतात, ती दोन जिवांच्या सहवासातून आलेली असे.

यीस्टला दह्याच्या जिवाणूंइतकी ऊब नको असते. तिंबलेल्या पिठाचे उष्णतामान चोवीस ते अठ्ठावीस अंश असले म्हणजे पहिली फुगवण शांतपणे होते. पाव साच्यात घातल्यावरच्या दुसऱ्या फुगवणीस तीस-बत्तीस अंश चालतात. पस्तिसाच्या पुढे गेल्यास पीठ फुगते झपाट्याने, पण चवीला लागणारा वेळच त्याला मिळत नाही. मद्यार्काचा उग्र दर्प येऊ लागतो, आणि लोणी घातलेल्या पिठातील लोणी वितळून गोळा तेलकट होतो. आता हाच गोळा दह्याच्या कळेवर, बेचाळीस अंशांच्या उबेत ठेवला तर काय होईल? पीठ उष्णतेचे मंद वाहक आहे. त्यामुळे भांड्याला लागलेला बाहेरचा थर चटकन तापून अति फुगतो आणि खचू लागतो. आतला गाभा मात्र अजून थंडच असतो. भाजल्यावर अशा पावाला कडेला मोठी भोके आणि मध्ये गच्च लगदा दिसतो. पंचावन्न ते साठ अंशांच्या पुढे तर यीस्ट मरतेच.

तेव्हा श्रोतेहो, पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही, की उपकरण घेताना त्यात उष्णतामान बदलण्याची सोय आहे किंवा नाही हे पाहावे. एकाच ठरावीक आकड्याला बांधलेले दह्याचे यंत्र पावाच्या कामाचे नाही. पंचवीसपासून पंचेचाळीसपर्यंत हवा तो आकडा लावता येईल, असे उपकरण दोन्ही कामे उत्तम करील.

हे उपकरण ऊब राखते तरी कसे? ही कल्पना तशी जुनी आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने आपली उष्णता आपणच सांभाळणारी भट्टी बनवली होती. अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने दोन धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून एक युक्ती केली. पितळ तापले की पोलादापेक्षा अधिक प्रसरण पावते. म्हणून अशी जोडपट्टी तापताच वाकते आणि निवताच सरळ होते. १८३० मध्ये अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाने याच तत्त्वावरील नियामकाचे एकस्व मिळवले आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिले. पट्टी वाकली की विजेचा प्रवाह तुटतो, सरळ झाली की पुन्हा जुळतो. आपल्या इस्त्रीत हीच योजना असते. नव्या उपकरणांत पट्टीऐवजी थर्मिस्टर नावाचा एक लहानसा मणी असतो. तापमानाप्रमाणे त्याचा विद्युत्‌विरोध बदलतो आणि तो पाहून आतील यंत्रणा प्रवाह चालू किंवा बंद करते.

या रचनेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात, आणि त्या वापरणाऱ्याला ठाऊक असाव्यात. एक, ऊब कधीही एका आकड्यावर खिळलेली नसते. प्रवाह चालू-बंद होताना ती दोन-तीन अंश खालीवर होत राहते. त्याने काही बिघडत नाही. दुसरी गोष्ट अशी, की नियामकाला कळते ते तो ज्या जागी बसवला आहे तेथले उष्णतामान. कुकरच्या तळाचा मणी तळाची खबर देतो, पेटीतला मणी हवेची. भांड्याच्या मध्यावर दूध किती गरम आहे, याची त्याला वार्ताही नसते. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे यांतील बहुतेक उपकरणे तापवू शकतात, निववू शकत नाहीत.

दुसऱ्या गोष्टीचा पडताळा घेण्यास सोपा उपाय आहे. उपकरण नवे आणले की त्यात एक वाटी पाणी ठेवावे, कळ लावावी आणि दोन-तीन तासांनी स्वयंपाकाच्या उष्णतामापकाने त्या पाण्याचे माप घ्यावे. कळेवरचा आकडा आणि पाण्याचे माप यांत दोन-चार अंशांचे अंतर आढळले तर ते लिहून ठेवावे आणि पुढे तेवढी वजाबाकी अथवा बेरीज करावी. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे उपयोगी नाही. त्याचे माप बेचाळीस अंशांच्या आसपास संपते, आणि काच फुटली तर अन्न टाकून द्यावे लागते.

आता प्रत्यक्ष कृती. एक लिटर दूध उकळी येईपर्यंत तापवावे आणि नंतर मंद आचेवर, ढवळत, दहा-पंधरा मिनिटे पंच्याऐंशी-नव्वद अंशांवर ठेवावे. याने नको असलेले जंतू मरतातच. शिवाय दुधातील दुसरी प्रथिने उलगडून केसिनला चिकटतात, आणि दही अधिक घट्ट लागून त्याला पाणी कमी सुटते. मग दूध निववावे. घरच्या विरजणासाठी अडतीस-चाळीस अंशांपर्यंत आणि योगर्टसाठी त्रेचाळिसापर्यंत ते उतरले म्हणजे एक ते दोन चमचे ताजे विरजण थोड्या दुधात मोडून त्यात मिसळावे. विरजण अधिक घातले की दही अधिक चांगले लागते, ही समजूत बरोबर नाही. त्याने दही लवकर आंबते आणि पाणी सोडते. नंतर भांडे उपकरणात ठेवून हलवू नये. जाळे विणले जात असताना धक्का बसला तर ते तुटते आणि पाणी वेगळे होते. दही नुकते लागले, आंबट झाले नाही, अशा अवस्थेला आपल्याकडे ‘अधमुरे’ असा सुंदर शब्द आहे. ते आवडत असेल तर त्याच क्षणी भांडे शीतकपाटात हलवावे, म्हणजे आम्ल होण्याचे काम मंदावते. बडोद्यासारख्या ठिकाणी पाडव्याच्या श्रीखंडासाठी चक्का बांधावयाचा असेल तर दही पक्के लागू द्यावे, पण आंबू देऊ नये, आणि फडक्यात बांधून ते थंड जागी निथळावे.

येथे अनेकांची फसगत होते ती एका घाईमुळे. शीतकपाटातील थंड दुधातच विरजण कालवून भांडे पेटीत ठेवले जाते आणि ‘पेटी तापवीलच’ असे धरून चालतात. जरा हिशेब करू. एक लिटर दूध दहा अंशांपासून बेचाळिसापर्यंत नेण्यास सुमारे ३५ वॅट-तास ऊर्जा लागते. पन्नास वॅटचे तापक तिळमात्र उष्णता वाया न घालवता दुधालाच देईल असे मानले, तरी त्याला चाळीस मिनिटांवर वेळ लागेल. प्रत्यक्षात पेटीतील हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक असल्यामुळे कित्येक तास जातात. एवढा वेळ दूध ना थंड ना उबदार अशा अवस्थेत पडून राहते. म्हणून दुधाला योग्य ऊब चुलीवर द्यावी. पेटीने ती फक्त राखावी.

पावाच्या बाबतीतही हेच. तिंबलेले पीठ मुळातच योग्य उष्णतामानाचे हवे, आणि ते पाण्याने साधावे लागते. भट्टीवाल्यांचा यासाठी एक साधा हिशेब आहे. पिठाचे हवे असलेले उष्णतामान तिनाने गुणावे. त्यातून कोरड्या पिठाचे आणि खोलीचे उष्णतामान वजा करावे. उरेल ते पाण्याचे. समजा, आपल्याला सव्वीस अंश हवे आहेत. सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. इंदूरच्या हिवाळ्यात खोली वीस अंश आणि पीठही वीस. तर पाणी अडतीस अंशांचे घ्यावे. हैदराबादच्या उन्हाळ्यात खोली आणि पीठ छत्तीस-छत्तीस अंश. तर पाणी सहा अंशांचे, म्हणजे चक्क बर्फाचे! यंत्राने तिंबावयाचे असल्यास घर्षणाची उष्णता वाढते, म्हणून आणखी काही अंश वजा करावे.

या दुसऱ्या उदाहरणातच वर सांगितलेली तिसरी गोष्ट दडलेली आहे. बाहेर छत्तीस अंश असताना पेटीवर सव्वीसचा आकडा लावून काही उपयोग नाही. पेटी बंद राहील एवढेच. उन्हाळ्यात पिठाला पेटी नको, गारवा हवा. बर्फाच्या पाण्यात तिंबून, यीस्ट निम्म्याने कमी करून, गोळा रात्रभर शीतकपाटात ठेवावा. तेथे तो सावकाश फुगतो आणि त्याला चवही चांगली येते. उष्णतामान आठ-दहा अंशांनी घटले की किण्वनाचा वेग ढोबळ मानाने निम्म्यावर येतो, हे सूत्र लक्षात ठेवले म्हणजे वेळेचा अंदाज सहज बांधता येतो.

हिवाळ्यात मात्र पेटीसारखा सोबती नाही. अर्धा किलो मैदा, किंवा निम्मा मैदा आणि निम्मी कणीक. सुमारे सव्वातीनशे ग्रॅम पाणी. नऊ-दहा ग्रॅम मीठ. आणि पाच ग्रॅम कोरडे यीस्ट, असे प्रमाण घ्यावे. दहा मिनिटे चांगले तिंबून, भांड्यावर झाकण घालून सव्वीस-सत्तावीस अंशांवर ठेवल्यास तास-दीड तासात गोळा दुप्पट होतो. मग हवा काढून, वळून, साच्यात घालून तीस अंशांवर पाऊण तास द्यावा. पेटीत पाण्याची एक पसरट वाटी अवश्य ठेवावी. नाहीतर कोरड्या उबेने गोळ्यावर सालपट धरते आणि त्या सालपटाखाली पाव फुगत नाही. दह्याला मात्र ही ओल लागत नाही; त्याच्या भांड्यावर झाकण पुरे. घड्याळापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा. पिठात बोट हलकेच दाबले असता खळगा सावकाश आणि अर्धवट भरून आला, तर पाव भट्टीसाठी तयार झाला. झटकन भरला तर अजून वेळ हवा. मुळीच भरला नाही तर वेळ टळली.

आता एक इशारा, आणि तो गंभीरपणे द्यावयाचा आहे. आपण जी ऊब जपून ठेवतो ती केवळ आपल्या मित्र जिवाणूंनाच आवडते असे नाही. पाच ते साठ अंशांच्या दरम्यान रोगजंतूही वाढतात, आणि चाळिसाच्या आसपास काही तर फारच जोमाने. दह्यात ते माजत नाहीत, कारण विरजणातील असंख्य जिवाणू वेगाने आम्ल बनवून त्यांची वाढ रोखतात. पण विरजण जुने, मेलेले किंवा अति गरम दुधात घालून होरपळलेले असेल, तर आम्ल बनत नाही आणि नुसते दूध आठ तास उबेत पडून राहते. थंड स्वयंपाकघरातही असे दूध खराब होतेच; यंत्राच्या अचूक उबेत ते अधिक लवकर होते. म्हणून आठ-दहा तासांत दूध लागले नाही, तर ‘अजून थोडा वेळ ठेवू’ असे म्हणू नये, आणि ते उकळून चहाला किंवा पनीरला वापरण्याचाही मोह धरू नये. उकळण्याने जंतू मरतात. त्यांनी सोडलेली काही विषे तशीच राहतात. दूध ओतून देणे जिवावर येते हे खरे. पण घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वृद्ध माणूस असेल तर येथे काटकसर महाग पडते. गुलाबी, नारिंगी किंवा हिरवट ठिपके दिसले, अथवा वास बिघडला, तरीही तेच करावे. याच कारणासाठी भांडी, झाकणे आणि चमचे उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावेत, आणि चालू विरजणाचा एक चमचा स्वच्छ वाटीत वेगळा राखून ठेवावा. एक बिघडले तर दुसरे हाताशी राहते.

आणखी एक घोटाळा टाळावयाचा आहे. भाताच्या विजेच्या कुकरला अन्न गरम ठेवण्याची जी कळ असते, ती दह्यासाठी नव्हे. शिजलेल्या अन्नात जंतू वाढू नयेत म्हणून ती साठ अंशांच्या वर ऊब राखते. त्या उष्णतेत विरजण आणि यीस्ट दोन्ही प्राणास मुकतात.

इतके ऐकल्यावर कोणी विचारील, की हे उपकरण प्रत्येक घरात हवेच काय? तसे मुळीच नाही. खर्चाचा प्रश्न विजेचा नव्हे. शंभर वॅटचे तापक आठ तासांपैकी निम्मा वेळ चालू राहिले असे धरले तरी वीज अर्ध्या युनिटाहूनही कमी जाते. प्रश्न गरजेचा आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा उन्हाळ्यात हैदराबादला दह्यासाठी त्याची आवश्यकता नाही. थंड मुलखातही दुधाला योग्य ऊब देऊन भांडे जाड आवरणाच्या डब्यात किंवा चांगल्या थर्मासमध्ये ठेवले, तर दही उत्तम लागते; कारण आपल्याला नवी उष्णता द्यावयाची नसून असलेली राखावयाची असते. रजईची युक्ती याच तत्त्वावर उभी आहे आणि ती काही टाकाऊ नाही. ज्या घरात थंडीत रोज दही लावावे लागते, आठवड्याला पाव भाजला जातो, किंवा दुधाचे भांडे राखीत बसायला कोणी दिवसभर घरी नसते, त्या घरात मात्र हे उपकरण आपली किंमत वसूल करून देईल. रात्री निजताना लावलेले दही सकाळी डब्यासाठी तयार मिळणे, ही कामावर जाणाऱ्या माणसाला लहान सोय नव्हे.

ज्यांनी ते घेतले आहे त्यांनी एवढे करावे. एका कागदावर आपल्या उपकरणाचे आकडे लिहून तो स्वयंपाकघराच्या कपाटाच्या दाराला आतून लावावा: घरचे विरजण पस्तीस अंश, सहा ते आठ तास, योगर्ट बेचाळीस अंश, चार ते सहा तास, पाव पहिल्या फुगवणीस सव्वीस, दुसऱ्या फुगवणीस तीस. त्याखाली पाण्याच्या वाटीने काढलेले यंत्राचे अंतर नोंदवावे. आणि घरात जाणती बाई किंवा पुरुष असेल, तर ‘कोमट’ म्हणून त्या ज्याला बोट लावतात, त्या दुधाचे माप एकदा त्यांच्यासमोरच घेऊन तेही त्या कागदावर लिहावे. आपल्या घरच्या दह्याचा खरा आकडा तोच. पुढे ते विरजण लावण्याची पाळी ज्याच्यावर येईल, त्याला तो कागद उपयोगी पडेल.